साथीचे रोग आणि आपली समाजरचना

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात बोरी, ता. जिंतूर, जि. परभणी येथे दिलेले व्याख्यान)



वार्षिक मेळाव्यात आपण चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यवाहांनी केली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. मी डॉक्टर नव्हे. आयुष्याची चौतीस वर्षे शाळामास्तरकीत घालविलेला मी एक साधा माणूस. अशा प्रसंगी गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक करावे, वधूवरसूचक यादीचे महत्त्व सांगावे, पूर्वजांचे स्मरण करावे आणि भोजनाची वेळ होण्यापूर्वी खाली बसावे असा परिपाठ आहे. त्या मंगल वातावरणात रोगराईचे नाव काढणे काहींना अप्रशस्त वाटेल, हे मी जाणतो. तथापि जो विषय घरोघरी आहे आणि कोणाच्याच ओठांवर नाही, तो बोलण्याचे स्थळ आपल्या माणसांची सभा हेच असू शकते. म्हणून प्रारंभीच क्षमा मागून मी माझ्या विषयाकडे वळतो.

आपल्या भागातील वयोवृद्ध मंडळींना मरीआईचा गाडा ठाऊक असेल. गावात पटकीची साथ आली की मरीआईची पूजा होई, बळी दिला जाई आणि देवीचा गाडा वाजतगाजत शेजारच्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडला जाई. शेजारच्या गावाने तो आपल्या पुढच्या शिवेवर ढकलावा, त्या गावाने त्याच्याही पुढे. आपल्या गावची पीडा दुसऱ्याच्या शिवारात लोटून दिली की आपण सुटलो, अशी ती समजूत. आणि ही देवी तरी राहत असे कोठे? बहुतेक गावांतून तिचे ठाणे वेशीबाहेर, गावकुसाला लागून असे. आणि तिचा सांभाळ ज्यांच्याकडे असे, ती माणसेही गावाने वेशीबाहेरच ठेवलेली असत. रोगाची देवता आणि गावाने दूर लोटलेला माणूस यांना आपल्या पूर्वजांनी एकाच दिशेला बसविले होते. या गोष्टीचा मी जेवढा विचार करतो, तेवढी मला ती केवळ श्रद्धेची बाब वाटत नाही. ती आपल्या समाजरचनेची कबुलीच आहे.

"रोग जात पाहत नाही" असे वाक्य आपण नेहमी ऐकतो. ऐकावयास ते गोड आहे, आणि जंतूपुरते ते खरेही आहे. जंतूला शिधापत्रिका वाचता येत नाही, कुळीही विचारता येत नाही. परंतु जंतूला माणसापर्यंत येण्यासाठी वाट लागते. ती वाट कधी पाण्याची असते, कधी कोंदट खोलीतील हवेची, कधी अर्धपोटी शरीराची. आणि या सर्व वाटा माणसांनीच आखलेल्या असतात. कोणी कोठे राहावे, कोणाचे पाणी कोणते, कोणाच्या ताटात काय पडावे आणि कोणी कोणती घाण उचलावी, हे ज्या समाजात जन्मावरून ठरले, त्या समाजात रोगाचा मार्गही जन्मावरूनच ठरला, यात नवल ते काय?

हे केवळ माझे मत म्हणून मी सांगत नाही. १९१८ सालचा दाखला पाहा. त्या वर्षी जगभर इन्फ्ल्युएन्झाची साथ पसरली. आपल्याकडे तिला मानमोडी म्हणत. माझी आजी त्या वर्षाची गोष्ट सांगू लागली की तिचा आवाज खाली येई. मुंबईत ती जून महिन्यात प्रथम दिसली, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तिने उग्र रूप धारण केले. त्याच वर्षी पावसाने दगा दिला होता व धान्य महागले होते. त्या एका साथीने हिंदुस्थानात कोट्यवधी माणसे गेली. १९११ ते १९२१ हे एकच दशक असे, की ज्यात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. मुंबई शहराच्या मृत्यूंची जी नोंद त्या काळी झाली, तीत धर्म व जात यांप्रमाणे वर्गवारी केलेली होती. त्या नोंदीनुसार या साथीत युरोपियनांमध्ये हजारी ८.३ माणसे मृत्यू पावली, पारशांमध्ये ९, सवर्ण हिंदूंमध्ये १८.९, मुसलमानांमध्ये १९.२, आणि ज्यांची नोंद सरकारी भाषेत 'खालच्या जातीचे हिंदू' अशी केली होती, त्यांच्यामध्ये ६१.६.

बंधूंनो, हे आकडे पुन्हा एकदा मनात वाचा. शहर एक, समुद्रावरची हवा एक, जंतू एक, महिनेही तेच. तरी एकाच्या दारी मृत्यू एकदा आला, तर दुसऱ्याच्या दारी सात वेळा. इन्फ्ल्युएन्झा काही जात विचारीत हिंडला नव्हता. चाळीतील एकेका खोलीत किती माणसे झोपत होती, त्यांच्यापैकी कितीजणांच्या पोटात सायंकाळी अन्न गेले होते, आणि ताप भरलेल्या माणसाला दोन दिवस कामावरून घरी राहण्याची ऐपत होती की नव्हती, एवढेच काय ते त्याने पाहिले. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मात्र समाजाने आधीच जातीच्या वहीत लिहून ठेवली होती.

त्याच्या बावीस वर्षे अगोदरचे प्लेगाचे प्रकरण तर सर्वश्रुत आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या परिसरात, डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी तो प्रथम ओळखला. पुढे तो पुण्यास पोचला. त्या काळात कायद्याच्या जोरावर घरे तपासली गेली, माणसे उचलून नेली गेली, आणि त्यातून जो क्षोभ झाला तो इतिहास आपण शाळेत शिकलो आहोत. परंतु त्याच काळातील एक गोष्ट आपण तितक्या आवर्जून शिकविली नाही. सावित्रीबाई फुले यांनी आपले चिरंजीव डॉ. यशवंतराव यांच्याकरवी पुण्याबाहेरील माळावर रोग्यांच्या शुश्रूषेची सोय केली. मुंढव्याच्या महारवाड्यातील प्लेग झालेल्या एका मुलाला पाठीवर घेऊन त्या तेथवर आल्या, असे सांगतात. त्या सेवेतच त्यांना प्लेगाची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. गाव ज्या वस्तीकडे पाठ फिरवीत होते, त्या वस्तीतील मुलाला त्या माउलीने पाठीवर घेतले. मरीआईचा गाडा पुढच्या शिवेवर ढकलण्याच्या नेमके उलट ते कृत्य होते.

आता पाण्याकडे येऊ. मराठवाड्यातील माणसाला पाण्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला आणि २०१६ साली लातुरास आगगाडीने पाणी येताना ज्यांनी पाहिले, त्यांना पाणी म्हणजे काय ते कळते. पण पाण्याची टंचाई आणि पाण्याची बंदी या दोन भिन्न गोष्टी आहेत. टंचाई आकाशातून येते. बंदी काठावरून येते.

रॉबर्ट कोख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ साली कलकत्त्यात पटकीचा जंतू दाखवून दिला आणि पाण्याशी असलेला त्याचा संबंध पुढे आणला. म्हणजे पाणी खरोखर कशाने बाटते, याचे ज्ञान या देशाच्या भूमीवरच सिद्ध झाले. त्यानंतर त्रेचाळीस वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत असा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. तरी त्या दिवशी लोकांना मारहाण झाली, आणि पुढे तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. ती कशाने? शेण, गोमूत्र, दूध आणि दही यांच्या घागरींनी. पिण्याच्या पाण्यात काय पडले म्हणजे ते दूषित होते, हे ज्ञान होते. आणि पिण्याच्या पाण्यात काय पडले म्हणजे ते पवित्र होते, ही समजूतही होती. दोघांची गाठ चवदार तळ्यावर पडली आणि समजुतीचा जय झाला. ते तळे सर्वांचे आहे हा निर्णय उच्च न्यायालयातून मिळण्यास १९३७ साल उजाडावे लागले. आपल्या सोवळ्याने नेहमी हाताची तपासणी केली. पाण्याची तपासणी करावी हे त्याला सुचले नाही.

ज्याला आडावर चढता येत नाही, त्याने पाणी कोठून आणावे? ओढ्यातील झऱ्यातून, डबक्यातून, किंवा कोणी दयाळू माणूस येऊन वरून ओतीपर्यंत काठावर बसून. वरून ओतलेले पाणी मोजके असते. मोजक्या पाण्यात पिणे होते. हात धुणे, भांडी घासणे, लेकराचे अंग धुणे होत नाही. मग डोळे येतात, खरूज होते, हगवण लागते. आणि मग आपणच म्हणतो की ही माणसे अस्वच्छ राहतात! पाणी अडवायचे आणि अस्वच्छतेचा दोष द्यायचा, असा हा दुहेरी न्याय आपण शेकडो वर्षे चालविला.

याच पाण्यासंबंधी एक आशेची कथाही आहे. नारू हा रोग तरुण पिढीने पाहिलेला नाही, हे आपले भाग्य. पायातून दोऱ्यासारखा लांबच लांब जंत बाहेर येई. माणूस पेरणीच्या ऐन दिवसांत आठवडेच्या आठवडे अंथरुणास खिळे. ज्या विहिरीत पायऱ्यांनी उतरून पाणी भरावे लागे, तेथे रोग्याचा पाय पाण्यात बुडे. जंताची पिले पाण्यात पडत. पाण्यातील सूक्ष्म जीव ती गिळीत. आणि तेच पाणी पिणाऱ्याच्या शरीरात सुमारे वर्षभराने नवा नारू तयार होई. आपल्याच तालुक्यात चारठाण्याची बारव आहे. तिचे शिल्पसौंदर्य पाहून आपण धन्य होतो, आणि व्हावेच. परंतु पायऱ्यांच्या विहिरीचा पिण्यासाठी उपयोग किती महाग पडे, हे नारूने आपल्याला शिकविले. या रोगावर लस नव्हती, जंत मारणारे रामबाण औषधही नव्हते. तरी तो गेला. पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त केल्या, हातपंप बसविले, पाणी दुपदरी कापडातून गाळण्यास लोकांना शिकविले, पाण्यात औषध टाकले, आणि एकेका रोग्याची नोंद ठेवली. १९९६ च्या जुलैत देशातील शेवटचा रुग्ण राजस्थानात आढळला, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. म्हणजे औषधाची बाटली न उघडता केवळ पाण्याची व्यवस्था नीट लावून एक पुरातन रोग देशातून नाहीसा झाला. व्यवस्थेने आलेला रोग व्यवस्थेनेच गेला.

बंधूंनो, येथवर मी इतिहास सांगितला. इतिहास सांगताना दोष नेहमी दुसऱ्याचा निघतो, त्यामुळे तो सांगणे सोपे असते. आता मी माझ्या घरातील गोष्ट सांगणार आहे. ती सांगण्यास मला साठ वर्षे लागली.

माझी एक आत्या होती. तिला सासरी खोकल्याचा विकार जडला. थुंकीतून रक्त पडू लागले. त्या काळच्या रीतीप्रमाणे सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडले. १९६६ चा उन्हाळा होता तो. मी अकरा वर्षांचा असेन. क्षयाचे नाव घरात कोणी घेत नसे. "तिची प्रकृती बरी नाही" एवढेच बोलले जाई, कारण माझ्या दोन बहिणींची लग्ने व्हावयाची होती. आत्याची खाट गोठ्याच्या कडेला टाकली. तिचे ताट वेगळे, तांब्या वेगळा. तिला पाणी देण्याचे काम माझ्याकडे होते. तिने ओंजळ पुढे करावी आणि मी उभ्यानेच वरून पाणी ओतावे. तांब्या तिच्या हाताला लागू देऊ नये, अशी सक्त ताकीद होती.

आमच्या मळ्यात एक विहीर होती. गावकुसाबाहेरील वस्तीतील बाया दुपारच्या वेळी तेथे येऊन थोड्या अंतरावर बसत. पोहरा ओढून त्यांच्या घागरीत पाणी ओतण्याचे कामही सुटीच्या दिवशी माझ्याकडेच असे. आणि तेथेही ताकीद तीच, की घागरीला पोहरा लागू देऊ नये. आपला समाज वरच्यांच्या पंगतीत कधी बसला नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनीही कोणाच्या ओसरीखाली उभे राहून अपमान गिळलेले आहेत, आणि त्या दुःखातूनच हे मंडळ जन्मास आले. परंतु आपण वर पाहून रडलो आणि खाली पाहून तेच केले. त्या उन्हाळ्यात मी दोन ठिकाणी वरून पाणी ओतले. एकदा परक्या माणसांच्या घागरीत आणि एकदा माझ्याच आत्याच्या ओंजळीत. माणसाला दूर ठेवण्याची विद्या आमच्या घराला विहिरीवर आयती शिकावयास मिळाली होती. घरातील माणूस आजारी पडताच तीच विद्या आम्ही घरात आणली. पावसाळा लागण्यापूर्वी आत्या गेली.

पुढे शिक्षक झाल्यावर मला वाचनात एक गोष्ट आढळली आणि मी रात्रभर झोपू शकलो नाही. १९५६ सालापासून मद्रासेस क्षयरोगावर एक संशोधन झाले. काही रुग्णांना आरोग्यधामात ठेवले. काहींना त्यांच्या गरीब, दाटीवाटीच्या घरीच औषधे दिली. १९५९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी राहून नियमित औषध घेणारे रुग्ण आरोग्यधामातील रुग्णांइतकेच बरे झाले होते. आणि पुढील पाहणीत असेही दिसले की रुग्ण घरी राहिल्यामुळे घरातील इतरांना रोगाची बाधा अधिक झाली नाही. औषध सुरू झाले की रोग पसरण्याची शक्ती थोड्याच काळात ओसरते. हे जगाला कळले १९५९ साली, आणि आमच्या गोठ्यातील खाट होती १९६६ ची. सात वर्षांपूर्वी आपल्याच देशात सिद्ध झालेले ज्ञान आमच्या दारापर्यंत आले नाही. आणि खरे बोलावयाचे तर, ते आले असते तरी आम्ही दार उघडले नसते, कारण दाराला लाजेचा अडसर होता.

हे जुने झाले असे कोणी म्हणेल. नाही. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आजही आपल्या देशात आहे. कोख यांनी क्षयाचा जंतू २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केला, त्याला कितीतरी पिढ्या झाल्या. औषध फुकट मिळते. तरी रोग का जात नाही? कारण क्षयाचे जंतू शरीरात शिरलेल्या बहुसंख्य माणसांना रोग होतच नाही; शरीर त्यांना दाबून ठेवते. ज्याचे शरीर अन्नावाचून खंगले आहे, त्याच्या ठायी ते डोके वर काढतात. आपल्या देशात क्षयाला सर्वांत मोठे निमंत्रण कुपोषणाचे आहे. झारखंडात २०१९ पासून एक मोठा प्रयोग झाला व २०२३ साली त्याचे निष्कर्ष आले. क्षयरुग्णांच्या घरातील माणसांना सहा महिने दरमहा माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ व जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. ज्या घरांत असा शिधा गेला, तेथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण इतर घरांपेक्षा ३९ टक्क्यांनी कमी झाले; थुंकीच्या तपासणीत सिद्ध होणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयाचे तर ४८ टक्क्यांनी. औषध रुग्णाला उठविते. शिधा त्याच्या शेजारच्याला पडू देत नाही. तांदूळ आणि डाळ यांत हे सामर्थ्य आहे, मंडळी!

आता आपल्याच शिवारातील माणसे पाहा. दसरा-दिवाळी झाली की मराठवाड्यातील गावे आणि तांडे ओस पडतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीस जातात. फडाच्या कडेला पाचटाची कोपी, चुलीचा धूर, कालव्याचे किंवा मिळेल ते पाणी, आणि पहाटेपासून काम. क्षयाचे औषध किमान सहा महिने घ्यावयाचे असते, आणि ऊसतोडीचा हंगामही जवळजवळ तेवढाच असतो. मुलाच्या लशीची तारीख गावच्या वहीत राहते, मूल फडावर असते. अशा माणसाने औषध मध्येच सोडले म्हणजे आपण त्याला बेफिकीर म्हणतो. तो बेफिकीर नाही, बांधलेला आहे. तीच कथा नाल्यात उतरणाऱ्या कामगारांची. १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे झाले, सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूची भरपाई २०१४ साली १० लाख व २०२३ साली ३० लाख ठरविली. पण त्या कामावर कोणत्या घरांतील माणसे जातात, हे सांगण्यास कोणत्याही आयोगाची गरज नाही.

आणि करोनाचा काळ तर काल-परवाचा आहे. "सर्वांना सारखाच धोका" असे आपण सर्वांनी म्हटले. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत रक्ततपासणीची पाहणी झाली. झोपडपट्ट्यांतील ५७ टक्के माणसांना संसर्ग होऊन गेल्याचे आढळले. त्याच विभागांतील इतर घरांत १६ टक्क्यांना. अंतर राखा असे सांगितले होते. पण जेथे एका खोलीत कुटुंब आणि एका संडासावर अख्खी गल्ली, तेथे अंतर आणावे कोठून? त्याच वर्षी ८ मे रोजी जालन्याहून गावाकडे पायी निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली सापडले. त्यांना विषाणूने स्पर्शही केला नसेल. तरी साथीच्या यादीत त्यांची नावे धरली पाहिजेत, असे मला वाटते.

इतका वेळ मी आपले कान घेतले, ते केवळ हळहळ व्यक्त करण्यासाठी नव्हे. मंडळापुढे मी तीन सूचना ठेवतो.

पहिली सूचना शिध्याची. आपल्या मंडळाच्या निधीतून दरवर्षी शाली, श्रीफळे आणि मेळाव्याचे भोजन यांवर जो खर्च होतो, त्यातील अर्धा भाग बाजूला काढावा. आणि बोरी व भोवतालच्या गावांत ज्या घरी क्षयाचा उपचार चालू असेल, त्या घरी सहा महिने ज्वारी, तूरडाळ, शेंगदाणे, गूळ व तेल पोचवावे. सरकार रुग्णाला २०१८ पासून पोषणासाठी दरमहा ५०० रुपये देत होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले आहेत. परंतु घरातील इतर तोंडांचे काय? नोंदणी आरोग्य केंद्रामार्फत व्हावी, आणि शिधा देताना छायाचित्र काढू नये. आणि बंधूंनो, ते घर कोणत्या जातीचे आहे हे विचारू नये.

येथे काही भुवया उंचावलेल्या मला दिसतात. "समाजाचा पैसा समाजासाठी" हे आपल्या घटनेतील तत्त्व मला पाठ आहे. ते लिहिताना कागद धरण्यास मीही बसलो होतो. यावर असे उत्तर देता येईल की शेजारच्या वस्तीतील खोकला आपल्याही घरी येतो, म्हणून हा खर्च आपल्याच रक्षणाचा आहे. हे उत्तर खरे आहे. पण मला ते पुरेसे वाटत नाही. आपल्याला बाधा होईल या भीतीने दिलेला घास म्हणजे मरीआईच्या गाड्यासमोर ठेवलेला नैवेद्यच. त्यात पीडा टाळण्याची इच्छा आहे, माणसाची ओळख नाही. आपण ज्या विहिरीवरून शंभर वर्षे वरून पाणी ओतले, त्या विहिरीचे हे देणे आहे. देण्याला दान म्हणू नये.

दुसरी सूचना लाजेची. वधूवरसूचक यादी मंडळाच्या हाती आहे, तर तिचा एक चांगला उपयोग होऊ द्या. क्षय किंवा कुष्ठरोग होऊन जो पूर्ण बरा झाला आहे, त्याचे वा त्याच्या घराचे लग्न त्या कारणाने मोडणार नाही, असा ठराव या मेळाव्याने करावा. रोग लपविला जातो तो लग्नासाठी. आणि लपविलेला रोगच घरभर पसरतो. कुष्ठरोग्यांना वेगळे डांबण्याचा १८९८ चा कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडले. मनातील कायदा रद्द करण्यास सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही.

तिसरी सूचना पाण्याची. गावात नळ आला, ही आनंदाची गोष्ट. पण नळाचे शेवटचे टोक कोणत्या वस्तीत आहे, ते आपण एकदा चालत जाऊन पाहावे. पाणी थोडा वेळ येते आणि जाते. ते गेले की नळी रिकामी होते, आणि जेथे ती फुटली असेल तेथून गटाराचे पाणी आत शोषले जाते. टोकाच्या घरी पाणी शेवटी येते, आणि ती घाण मात्र प्रथम पोचते. वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसानंतर, पाण्याची तपासणी ग्रामपंचायतीकडून करवून घ्यावी, आणि तिचा आरंभ त्या टोकापासून करावा. आपल्या आळीचा क्रम शेवटी लागला तरी चालेल. वरून खाली येणारे पाणी आजवर पुष्कळ झाले. एकदा खालून वर मोजून पाहू.

या सूचना मान्य करणे न करणे सभेच्या हाती आहे. त्यांवर वाद झाला तरी मला वाईट वाटणार नाही. मौन झाले तर वाटेल. माझ्या आत्याचे नाव आमच्या वंशावळीच्या पानावर नाही. विवाहित मुलीची नोंद सासरी असते, असे कारण सांगितले गेले. सासरच्या वहीतही ते नाही, हे मी स्वतः जाऊन पाहिले आहे. तिच्या नावाने मी माझ्या निवृत्तिवेतनातून शिधानिधीत पहिले ५००१ रुपये आज अध्यक्षमहाराजांच्या हाती देत आहे. या वर्षी पहिला शिधा ज्या घरी जाईल, त्या घरच्या आजारी माणसाच्या हातात तांब्या द्यावा आणि त्याने तो स्वतःच्या हाताने तोंडाला लावावा, एवढीच माझी विनंती आहे.